मारलीत ना? मग फेकता कशाला?

करडी खार मारायची, तिचं कलेवर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचं, पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकायची आणि हात झटकून घरी जायचं. इंग्लंडच्या रानात असं करणाऱ्या प्रत्येक माणसावर माझा राग आहे. मारल्याबद्दल नाही. नॉर्थम्बरलंडमध्ये तांबड्या खारी वाचवणाऱ्या एका गटात मी काम करतो, आणि सापळे लावणं हा त्याच कामाचा भाग आहे. राग आहे तो फेकण्याचा.

यात खारीचा काडीचाही दोष नाही. १८७६ साली चेशरमधल्या हेन्बरी पार्कात ब्रॉकलहर्स्ट नावाच्या धनिकाने अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी सोडल्या, बागेला शोभा म्हणून. पुढे वोबर्न ॲबीच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने त्या आपल्या आवारात वाढवल्या आणि इतर जमीनदारांना भेट म्हणून वाटल्या. आज ब्रिटनमध्ये सुमारे २७ लाख करड्या खारी असाव्यात असा अंदाज आहे. तांबड्या तीन लाखांच्या आत, आणि त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये. करडी ज्या विषाणूला सहज पचवते, तोच तांबडीला पंधरवड्यात संपवतो. डोळ्यांभोवती, ओठांवर, पंजांवर फोड येतात, पापण्या चिकटतात, खाणं सुटतं. अशी एक तांबडी खार जवळून बघा आणि मग करड्या मारू नका म्हणून मला सांगायला या. शिवाय उन्हाळ्यात करडी खार बीच आणि ओकच्या कोवळ्या झाडांची साल सोलते. खोडाला चहूबाजूंनी सोललं की वरचं झाड मेलंच.

कायदाही स्पष्ट आहे. सापळ्यात आलेली करडी खार परवान्याशिवाय पुन्हा सोडता येत नाही, आणि तिला हाल करून मारताही येत नाही. २०१० साली एका गृहस्थाला खार पाण्यात बुडवून मारल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं, ते योग्यच झालं. मारायचं कसं याचे नियम आहेत. मारल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही.

सांगलीहून मावशीचा फोन येतो. "अरे, रामाने जिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला मारतोस?" मावशी, ती पट्ट्यांची खार आपल्याकडची, ही वेगळी. तरीही मारणं तुला पाप वाटत असेल तर मी वाद घालणार नाही. पण जीव घ्यायचा आणि तो केळ्याच्या साली नि दुधाच्या बाटल्यांबरोबर उकिरड्यावर टाकायचा, हे त्याहून मोठं पाप आहे, आणि ते करणारे स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात.

खार खाता येते. अमेरिकेच्या दक्षिणेत पिढ्यानपिढ्या खातात. कातडं सशासारखं सहज निघत नाही, अंगाला घट्ट चिकटलेलं असतं. शेपटीच्या मुळाखाली आडवी चीर द्यायची, शेपटी बुटाखाली दाबून धरायची आणि मागचे पाय धरून वर ओढायचं. जोर लागतो, पण सुटलं की सदरा उतरवावा तसं डोक्यापर्यंत निघतं. मग यकृत बघायचं. त्यावर पांढरे ठिपके दिसले तर ते जनावर खायचं नाही. मांस मुख्यतः मागच्या मांड्यांना आणि पाठीला, एका माणसाच्या जेवणापुरतं. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून कुकरला भरपूर शिट्या देतो. चव कोंबडी आणि सशाच्या मधली, किंचित गोडसर. २०१० मध्येच उत्तर लंडनमधल्या एका सुपरमार्केटने हे मांस विकायला ठेवलं तेव्हा केवढा गहजब झाला! कोंबड्यांच्या कारखान्यांबद्दल ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, असे मांसाहारीही त्यात होते. रानात मोकळं जगलेलं आणि नाहीतरी मारलंच जाणारं जनावर त्यांना ताटात नको, पण कचऱ्यात चालतं!

ज्यांना खायचं नाही त्यांनी खाऊ नये. जखमी घुबडं आणि ससाणे सांभाळणाऱ्या केंद्रांना मांस लागतंच. शेपटीच्या केसांपासून मासेमारीच्या गळाच्या नकली माश्या बांधतात. अट एकच, शिशाचे छर्रे नकोत. छर्ऱ्याने मारलेली खार रानात तशीच टाकली की ती बझर्ड आणि घारी खातात, आणि शिसं त्यांच्या पोटात जातं. मेलेल्या गुरांमधल्या डायक्लोफेनॅकने आपली गिधाडं कशी संपवली हे पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मात्र एक गोष्ट मी ठामपणे नाकारतो, डोक्यामागे पैसे. १९५० च्या दशकात ब्रिटिश सरकारने तो खेळ करून पाहिला. शेपटीमागे एक शिलिंग, पुढे दोन. लाखो शेपट्यांचे पैसे तिजोरीतून गेले, खारी कमी झाल्या नाहीत, आणि १९५८ मध्ये योजना गुंडाळली. शेपटीवर पोट भरू लागलं की रान खारीमुक्त करणं कुणाच्या हिताचं? अँगल्सी बेटावर शेपट्या मोजत बसले नाहीत. करड्या पूर्ण संपेपर्यंत वर्षानुवर्षं सापळे लावत राहिले, म्हणून तिथे तांबड्या परतल्या. पैसे द्यायचे तर मोकळ्या झालेल्या रानाचे द्या. मांस ज्याला हवं त्याला फुकट द्या.

आणि आता मोठे जमीनमालक. खारींनी झाडं खाल्ली म्हणून गळा काढणारे हेच लोक शिकारीच्या फेझंट पक्ष्यांसाठी रानात गव्हाचे डबे टांगतात. थंडीत त्या डब्यांवर करड्या खारी पोसल्या जातात. मी हे एका मालकाला तोंडावर सांगितलं, तर म्हणाला, फेझंटचा धंदा बंद करू का? पाइन मार्टिन परत येतंय, तेही यांना खुपतं. हे मांजराएवढं शिकारी जनावर इंग्लंडमधून जवळजवळ नाहीसं झालं ते याच इस्टेटींवरच्या रखवालदारांच्या सापळ्यांनी आणि बंदुकांनी. आयर्लंडच्या मध्यभागात ते वाढलं तिथे करड्या खारी ओसरल्या आणि तांबड्या परतल्या, हे संशोधकांनी दाखवून दिलंय. मार्टिनने खाल्लेल्या खारीची विल्हेवाट लावावी लागत नाही. तरी फेझंटची पिल्लं खाईल म्हणून त्याला विरोध चालूच आहे. खारी आवरण्यासाठी इंग्लंडमध्ये वनक्षेत्रानुसार सरकारी अनुदान मिळतं, लोकांच्या करातून, माझ्याही. गव्हाचे उघडे डबे टांगणाऱ्या आणि मार्टिनला आपल्या रानात पाऊल ठेवू न देणाऱ्या मालकाला त्यातली एक पेनीही देऊ नका.