शिकागोचं पहिलं घर कुणाचं?

शिकागो म्हटलं की मराठी वाचकाला आधी १८९३ची सर्वधर्म परिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. ही परिषद मिशिगन अॅव्हेन्यूवर, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत भरली होती. त्याच रस्त्याने उत्तरेकडे चालत गेलं की शिकागो नदीवरचा पूल लागतो. परिषदेच्या शंभर वर्षं आधी, या नदीच्या उत्तर काठावर, तिच्या मुखाजवळ एक ऐसपैस लाकडी घर उभं होतं. ते झाँ बाप्टिस्ट प्वाँ द्यु साब्ल हा कृष्णवर्णीय व्यापारी आणि त्याची पोटावाटोमी जमातीतली पत्नी किटिहावा यांचं होतं. शिकागो शहराची सुरुवात इथे झाली. हे कबूल करायला त्या शहराला दीडशेहून अधिक वर्षं लागली आणि आजही ते अर्धंच कबूल झालं आहे.

द्यु साब्लच्या जन्माचा कागद नाही; परंपरेने तो हैतीचा मानला जातो. १७७९ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, ब्रिटिशांनी त्याला शत्रूचा हितचिंतक समजून अटक केली. त्यांच्याच एका अधिकाऱ्याने मात्र तो देखणा आणि सुशिक्षित असल्याची नोंद करून ठेवली. पुढे ब्रिटिशांनीच त्याला सेंट क्लेअर नदीकाठच्या एका मालमत्तेची व्यवस्था पाहायला नेमलं. त्यानंतर तो शिकागो नदीच्या मुखाशी स्थिरावला.

ही जागा निवडण्यात मोठी जाण होती. शिकागो नदीतून पश्चिमेला गेलं की थोड्याच अंतरावर डेस प्लेन्स नदी लागते. मधला दलदलीचा टप्पा होड्या खांद्यावर घेऊन ओलांडायचा; पाणी चढलेलं असेल तर वल्हवतही जाता येई. एवढं केलं की उत्तरेकडची महासरोवरं थेट मिसिसिपीच्या खोऱ्याशी जोडली जात. मूळ रहिवाशांना ही वाट पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. द्यु साब्लने त्या वाटेच्या तोंडाशी नुसतं फरचं दुकान थाटलं नाही, शेती उभी केली. १७९० मध्ये ह्यू हेवर्ड नावाचा प्रवासी इथून गेला, तेव्हा त्याने कापड देऊन द्यु साब्लकडून पीठ, पाव आणि डुकराचं मांस घेतलं. जंगलातल्या तात्पुरत्या तळावर पाव भाजले जात नाहीत.

सगळ्यात बोलका पुरावा मे १८००चा आहे. द्यु साब्लने आपली मालमत्ता झाँ ला लीम याला ६,००० लिव्रना (जुनं फ्रेंच चलन) विकली. ते विक्रीखत पुढे डेट्रॉइटच्या दप्तरात सापडलं. त्यात २२ बाय ४० फुटांचं घर आहे. दोन कोठारं, घोड्याने फिरणारी चक्की, पाव भाजायची जागा, दूधदुभत्याची खोली, मांस धुरावण्याची खोली आणि खुराडं आहे. तीस गुरं, चव्वेचाळीस कोंबड्या आणि डुकरं आहेत. हा एका भरल्या वाड्याचा हिशेब आहे.

मग त्याचं नाव मागे का पडलं? घर पुढे जॉन किंझी या गोऱ्या व्यापाऱ्याकडे गेलं. किंझीच्या सुनेने १८५६ मध्ये कुटुंबाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि किंझीच शहराचा जनक ठरला. ज्याच्या घरात लिहिणारं माणूस होतं, त्याचं नाव टिकलं. १८९३च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनातही कृष्णवर्णीय अमेरिकनांना जवळपास स्थानच नव्हतं. आयडा बी. वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी त्याविरुद्ध पुस्तिका काढली. स्वतः डग्लस त्या प्रदर्शनात उभे राहिले ते हैती देशाच्या दालनाचे प्रतिनिधी म्हणून.

हा इतिहास परत आणला तो शिकागोतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चिकाटीने. १९३३च्या प्रदर्शनात त्यांनी द्यु साब्लच्या घराची प्रतिकृती उभी करवली. १९६८ मध्ये त्याला संस्थापक म्हणून अधिकृत मान मिळाला आणि मिझुरीतल्या सेंट चार्ल्स इथे, तिथेच झालेल्या त्याच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी, त्याच्या स्मृतीचा दगड बसला. १९८७ मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी नदीच्या मुखाशी त्याच्या नावाच्या उद्यानाची घोषणा केली. पुढची तीन दशकं ती जागा ओसाडच राहिली. २०२१ मध्ये तळ्याकाठच्या प्रसिद्ध लेक शोअर ड्राइव्हला त्याचं नाव द्यायचं ठरलं, तेही ३३ विरुद्ध १५ मतांनी.

काही जण म्हणतात, शहर वसतं ते नकाशाने. शिकागोचा पहिला नकाशा १८३० मध्ये आखला गेला, १८३३ मध्ये गावाचा आणि १८३७ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. एका व्यापाऱ्याच्या घराला संस्थापनेचा मान कशाला? पण तो नकाशा मुळात आखला गेला नियोजित कालव्यासाठी, आणि १८४८ मध्ये खुला झालेला तो कालवा त्याच जुन्या वाटेने गेला. आखणी करणाऱ्यांनी जागेचं मोल शोधून काढलं नाही. तिथे राहणाऱ्यांनी ते आधीच सिद्ध केलं होतं.

आणि राहणारे दोघं होते. नात्यागोत्यावर चालणाऱ्या त्या प्रदेशात परक्या माणसाला व्यापाराचा विश्वास मिळायचा तो सोयरिकीतून. किटिहावाच्या माणसांशिवाय ते घर तिथे टिकलं नसतं. १७८८ मध्ये काहोकिया इथे कॅथलिक पद्धतीने दोघांच्या विवाहाची नोंद झाली. द्यु साब्लने किल्ला बांधला नाही, कुणाला हुसकावलं नाही. तो तिथल्या माणसांचा जावई होऊन राहिला. त्याच्यानंतर, १८०३ मध्ये, समोरच्या काठावर फोर्ट डिअरबॉर्न हा लष्करी किल्ला उभा राहिला. १८३३च्या करारात पोटावाटोमींची इथली उरलीसुरली जमीन गेली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. गाव कायद्याने जन्माला आलं त्याच वर्षी त्याच्या मूळ यजमानांनी आपली जमीन गमावली.

म्हणूनच एका नावावर थांबून चालणार नाही. मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या पुलाला आणि तळ्याकाठच्या रस्त्याला द्यु साब्लचं नाव लागलं, हे योग्यच झालं. आता किटिहावाचं नाव त्याच्या जोडीने, त्याच पाट्यांवर आणि शाळेच्या पुस्तकांतल्या त्याच पानावर यायला हवं, आणि तिच्या लोकांना १८३३च्या करारानंतर कुठे जावं लागलं हेही त्या पानावर लिहायला हवं.