बैलाचे खूर बघता, मग लेकराचे पाय का नाही?

गेल्या पंधरवड्यात दिंडोरी तालुक्यातून एका माउलीचे पत्र आले. तिचा मुलगा आणि मुलगी दोघेही पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतात. द्राक्षाचा पैसा हाती आला तेव्हा मुलाला नवे बूट घेतले. मुलगी भावाचेच जुने बूट घालते. ते मोठे होतात म्हणून पुढे चिंधी कोंबते. आता तिची नडगी दुखते. आई विचारते, "बूट घेताना काय बघायचे असते? आणि खरेच एवढे पैसे घालायची गरज आहे का? आमच्या वेळी तर सगळे अनवाणीच पळायचे."

प्रश्न एका घरचा नाही. नाशिक जिल्ह्यात कुठल्याही गावाच्या रस्त्याने पहाटे पाचला निघा, दोन-चार पोरे-पोरी धावताना दिसतीलच. कोणाला पोलिसात जायचे आहे, कोणाला फौजेत, कोणी मविप्रच्या मॅरेथॉनची तयारी करतो, तर कोणी चाळिशीतला माणूस डॉक्टरने सांगितले म्हणून धावतो. तेव्हा आज बाजारातल्या याच वस्तूचा हिशेब मांडू.

आधी अनवाणीचे बघू. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच धावली. प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या हाताखाली ती घडली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरच्या शर्यतीत तिने कांस्यपदक घेतले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून तिचे नाव घरोघर पोचले. पण या मोठ्या शर्यती ती बूट घालूनच धावली. लहानपणी ती अनवाणी धावली ते बूट नव्हते म्हणून. अनवाणी धावणे चांगले, असा त्याचा अर्थ काढू नये.

परदेशातले उदाहरण इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला. १९६४ साली टोकियोत तोच माणूस बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. म्हणजे जिंकतो तो दम आणि सराव. नुसता बूट शर्यत जिंकून देत नाही. रोजच्या सरावात पाय शाबूत ठेवणे एवढेच त्याचे काम. आपल्या वाटेवर बाभळीचा काटा, काच, खडी आणि उन्हाने तापलेले डांबर असते. जखम झाली तर धनुर्वाताची भीती वेगळीच. ज्याच्या पायांना सवय आहे त्याने गवतावर किंवा मऊ मातीवर थोडे अनवाणी धावायला हरकत नाही. रोजच्या डांबरी रस्त्याला मात्र बूट हवा.

आता निवड कशी करायची? घोटीच्या बाजारात बैल घ्यायला गेलात तर काय करता? दात बघता, खूर बघता, चालवून बघता. शिंगांच्या रंगावर कोणी बैल घेत नाही. बुटाच्या दुकानात मात्र आपण नेमके रंगच बघतो! तिथेही बैलाचीच पारख चालवावी.

पहिली पारख पायाची. घरी जमिनीवर कागद ठेवा, त्यावर पाय ठेवून उभे राहा आणि पेन्सिल सरळ धरून कडेने रेघ मारा. दोन्ही पायांची मारा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. हा कागद खिशात घालून दुकानात जा, तोही संध्याकाळी. दिवसभर उभे राहून पाय थोडा फुगतो, धावतानाही फुगतो. सकाळच्या पायाला घेतलेला बूट दुसऱ्या दिवशीच चावतो. धावताना जे मोजे घालणार तेच मोजे बरोबर न्या. नंबरावर विसंबू नका. एका कंपनीचा ७ नंबर दुसऱ्या कंपनीच्या ८ नंबराएवढा असू शकतो.

दुकानात गेल्यावर बुटातली आतली गादी बाहेर काढा. बहुतेक धावण्याच्या बुटांत ती सुटी असते. ती जमिनीवर ठेवून तिच्यावर उभे राहा. पाय गादीच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, लगेच परत ठेवा. आपल्याकडे शेतात अनवाणी वावरलेल्या माणसांचा चवडा बऱ्याचदा रुंद असतो, म्हणून ही पारख चुकवू नये. मग बूट घालून, बंद बांधून उभे राहा. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर नखे काळी पडतात. टाच मात्र पक्की बसली पाहिजे, चालताना वर-खाली होता कामा नये.

दुसरी पारख बुटाची. धावण्याच्या बुटाचे तीन भाग समजून घ्या. वरचे जाळीदार कापड हवा खेळती ठेवते. खालचे रबर रस्त्याला पकड देते. या दोहोंच्या मधला फेसाचा जाड तळ दणका सोसतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. तो मवाळ करण्याचे काम या मधल्या तळाचे, आणि बुटाचे पैसे खरे तर याच्यासाठीच मोजायचे. चार गोष्टी करून बघा.

एक, अंगठ्याने मधला तळ दाबा. तो थोडा दबून लगेच वर यायला हवा. दगडासारखा कडक नको आणि दाबल्यावर खड्डा तसाच राहणाराही नको.

दोन, टाच आणि पुढचे टोक धरून बूट वाकवा. आपला पाय चवड्याशी वाकतो, बूटही तिथेच वाकायला हवा. अगदी मधोमध दुमडणारा बूट रोजच्या धावण्याला नको.

तीन, टाचेची मागची वाटी चिमटीत दाबा. धावणाऱ्या नवख्याला ती थोडी घट्ट असलेली बरी.

चार, दोन्ही बूट सपाट फरशीवर ठेवून मागून बघा. डगमगत असतील, एखादा कलता असेल, डिंक बाहेर आला असेल, शिवण सुटली असेल, तर नाव कितीही मोठे छापलेले असो, तो घेऊ नये. आठवडे बाजारात मोठ्या कंपन्यांची नक्कल भरपूर असते. चिन्ह हुबेहूब, आत मात्र निकृष्ट फेस.

वजनाचेही बघा. रोजच्या सरावाचा एक बूट साधारण पाव किलो ते तीनशे ग्रॅम असला तर चालतो. शर्यतवीरांचे अगदी हलके, आत कार्बनची पट्टी घातलेले महागडे बूट हल्ली जाहिरातीत दिसतात. ते शर्यतीच्या दिवसाचे दागिने आहेत, रोज पहाटे शिवाररस्त्याने धावायला त्यांची गरज नाही.

सगळ्यांत शेवटी दुकानाबाहेर वीस पावले धावून बघा. ही पारख मोठी आहे. "तळवा सपाट म्हणून हा बूट, कमान उंच म्हणून तो बूट" असे विकणारे सांगतात. अमेरिकेच्या सैन्यात २००९-१० च्या सुमारास हे तपासले गेले. काही रंगरुटांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले आणि बाकीच्यांना सरसकट एकाच जातीचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा ज्या बुटात पाय पहिल्या पावलापासून सुखावतो, तो आपला. "घातल्यावर सैल होईल" या बोलीवर घेऊ नका. तळवा अगदीच वेगळा असेल किंवा जुने दुखणे असेल तर गोष्ट निराळी, तिथे हाडांच्या डॉक्टरला विचारावे.

आता पैशाचे. नुसती किंमत बघू नका, किलोमीटरचा भाव काढा. समजा, एक बूट २४०० रुपयांचा आणि ६०० किलोमीटर टिकला, तर एका किलोमीटरला ४ रुपये पडले. दुसरा ९०० रुपयांचा पण १५० किलोमीटरमध्येच बसला, तर किलोमीटरला ६ रुपये पडले, शिवाय दुखणे फुकटात. बरे, सगळ्यांत महाग बूट सगळ्यांत जास्त टिकतो असेही नाही. मधल्या किमतीचा, वरच्या चार पारखींना उतरलेला बूट आपल्याला पुरे. मागच्या वर्षीचा रंग असला म्हणजे तो स्वस्तातही मिळतो.

चांगला बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. पोरगी रोज ६ किलोमीटर, आठवड्यात सहा दिवस धावते असे धरा. आठवड्याला ३६ किलोमीटर झाले. ५०० किलोमीटर व्हायला चौदा आठवडे लागतील. म्हणून नवा बूट आणला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहा. इथे पुष्कळ जण फसतात. खालचे रबर शाबूत दिसते म्हणून बूट चांगला वाटतो, पण मधला फेस आधीच मेलेला असतो. त्याच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या, दाबून तो वर येईना, आणि सराव तेवढाच असून नडगी किंवा गुडघा दुखू लागला, तर त्या बुटाला निवृत्त करा.

जपणूकही सांगतो. धावण्याचा बूट फक्त धावण्याला. तोच घालून गोठ्यात जाणे, पाणी धरणे, कॉलेजला जाणे, असे केले तर त्याचे आयुष्य निम्मे होते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात भिजला तर गादी काढा, आत जुने वर्तमानपत्र कोंबा आणि सावलीत वाऱ्यावर वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर डिंक सुटतो, फेस कडक होतो.

आणि बूट म्हणजे काही जादू नव्हे. बहुतेक दुखणी येतात ती एकदम वाढवलेल्या सरावाने. जाहिरात निघाली की पोरे दोन किलोमीटरवरून थेट आठवर जातात. हळूहळू वाढवा, आठवड्यात एक दिवस विसावा द्या. जमेल तेव्हा डांबर सोडून शाळेच्या मैदानात, मातीवर धावा. रस्त्यावर धावायचेच असेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, पांढरा सदरा घालून धावा. भरतीच्या दिवशी कोरा बूट घालू नका, दोन-तीन आठवडे आधी रुळवलेला घाला.

आता त्या माउलीला उत्तर. बाई, तुमच्या मुलीच्या नडगीचे दुखणे अंगावर काढू नका. तिला आठ-दहा दिवस धावणे थांबवू द्या. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. डॉक्टरला दाखवाच. आणि ते चिंधी कोंबलेले बूट आजच बाजूला ठेवा. मोठ्या बुटात पाय आतल्या आत सरकतो, बोटे आवळून धावावे लागते, आणि मेलेल्या तळाचा दणका सरळ हाडाला बसतो. भावाने झिजवलेला तळ त्याच्या पावलाला झिजलेला असतो, तो तिच्या पावलाला कसा साथ देणार?

भरतीत मुलाला १६०० मीटर आणि मुलीला ८०० मीटर धावायचे असते. अंतर निम्मे म्हणून बूटही अर्धामुर्धा चालेल असे समजू नका. तिचेही गुण सेकंदांवर ठरतात. सराव ती भावाइतक्याच पहाटे उठून करते, वर घरचे पाणी-पोतेरेही तीच करते. पैसा एकाच जोडीपुरता असेल, तर मुलाचा नवा बूट अजून चालतो आहे, ही जोडी मुलीला घ्या. पुढच्या खेपेला त्याला घ्या. पण तिच्या मापाचा, तिच्या पायाने पारखलेला घ्या, आणि घेताना तिला बरोबर न्या. भावाने मापाचा अंदाज सांगून आणलेला नको.

जोडीतला एकच बैल नाल ठोकून नेला आणि दुसरा तसाच जुंपला, तर गाडी कुठवर जाईल, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको.

तिची नडगी कशी आहे ते जरूर कळवा. इतर वाचकांनीही आपले अनुभव लिहून पाठवावेत. येतो मंडळी, रामराम.