लाटांच्या विजेवरील सरकारी खर्च: आक्षेप आणि उत्तर

समुद्राच्या लाटांपासून वीज निर्माण करण्याच्या संशोधनावर युरोपातील सरकारे पन्नास वर्षे पैसा ओतत आली, तरी या विजेवर चालणारे एकही शहर दाखवता येत नाही. तेव्हा हा खर्च थांबवावा आणि ज्यात दम असेल ते तंत्रज्ञान बाजारपेठ जगवीलच, असा पूर्वपक्ष मांडला जातो. तो अगदीच निराधार नाही. एडिंबरोच्या पेलामिस कंपनीचे सांधेदार यंत्र २००४ मध्ये ऑर्क्नी बेटांजवळ राष्ट्रीय ग्रिडला जोडले गेले, २००८ मध्ये पोर्तुगालच्या अगुसादोरा किनाऱ्याबाहेर तशा तीन यंत्रांचे २.२५ मेगावॅट क्षमतेचे केंद्र उभे राहिले. पण ते काही महिन्यांतच बंद पडले आणि २०१४ मध्ये कंपनीचेच दिवाळे वाजले.

मात्र या पूर्वपक्षातला पन्नास वर्षांचा हिशेब खरा नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर एडिंबरो विद्यापीठातील स्टीफन सॉल्टर यांनी १९७४ मध्ये लाटेवर डोलत तिची ऊर्जा शोषणाऱ्या, ‘सॉल्टरचे बदक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या यंत्राची कल्पना मांडली, त्यापाठोपाठ ब्रिटिश सरकारने लाटऊर्जेचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९८२ मध्ये तो जवळजवळ गुंडाळला. म्हणजे सलग, भरघोस निधी मिळाला तो जेमतेम सहा-सात वर्षे. या कार्यक्रमाची देखरेख करणारी संस्था अणुऊर्जा प्राधिकरणाच्या छत्राखाली होती, म्हणून बदकाचा बळी अणुवाद्यांनी घेतला, असे लाटऊर्जेचे समर्थक आजही सांगतात. खर्चाच्या अंदाजांवरून वाद झाला हे खरे. पण कटाचा आधार घेण्याची गरज नाही. पूर्ण आकाराचे एकही यंत्र समुद्रात उतरलेले नसताना संशोधकांकडून थेट २,००० मेगावॅटच्या वीजकेंद्राचे आराखडे मागितले गेले, आणि त्या कागदी केंद्राची वीज महाग ठरते म्हणून संशोधनच बंद केले गेले. मूळ दोष या मागणीत होता.

पवनऊर्जेचा इतिहास याच्या शेजारी ठेवला, तर सरकारी पैसा वाया जातो कसा आणि फळतो कसा, हे दोन्ही दिसते. जर्मनीने सरकारी निधीतून उभारलेली ३ मेगावॅटची ‘ग्रोवियान’ ही महाकाय पवनचक्की १९८३ ते १९८७ या काळात एकूण सुमारे ४२० तासच चालली आणि पुढे मोडीत काढावी लागली. तरीही जर्मन सरकारने पवनऊर्जेचा नाद सोडला नाही. १९८९ मध्ये लहान पवनचक्क्यांसाठी नवा कार्यक्रम आला आणि १९९१ पासून अशा विजेची ठरावीक दराने खरेदी कायद्याने बंधनकारक झाली. डेन्मार्क तर त्याहून शहाणा ठरला. तेथे १९७९ पासून पवनचक्कीच्या खर्चापैकी ३० टक्के अनुदान मिळू लागले, पण त्यासाठी रिसो येथील सरकारी चाचणी केंद्राची मान्यता लागत असे. त्यामुळे अनुदानाबरोबर यंत्रांचा दर्जाही वाढत गेला.

बाजारपेठेवर सोपवण्याचा युक्तिवाद लाटांच्या स्वभावापुढे टिकत नाही. लाटेतील ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उंची तिप्पट झाली की ऊर्जा नऊपट होते. यंत्राची कमाई नेहमीच्या समुद्रावर होते, पण बांधणी मात्र वादळाला पुरेल इतकी भक्कम करावी लागते. असे यंत्र सुधारायला अनेक हिवाळे लागतात, आणि खाजगी गुंतवणूकदाराला तेवढा धीर नसतो. अगुसादोराच्या यंत्रांना बेअरिंगच्या दोषाने ग्रासले हे खरे, परंतु प्रकल्पामागची गुंतवणूकदार कंपनी जागतिक आर्थिक संकटात सापडली, हेही तितकेच खरे. शिवाय ‘अर्धा पैसा खाजगी आणा, मग अर्धा सरकार देईल’ या अटीमुळे कंपन्या गुंतवणूकदाराला दाखवण्यासाठी घाईने मोठी यंत्रे बांधू लागल्या.

सौर आणि पवन वीज स्वस्त झाल्यावर लाटांची गरज काय, या आक्षेपातील निम्मी गोष्ट मान्य करावी लागेल: लाटांची वीज आज कितीतरी महाग आहे, आणि तिला हमीदर देऊन मोठी केंद्रे उभारणे उधळपट्टी ठरेल. परंतु उत्पादनाला दिलेले अनुदान वेगळे आणि संशोधनाला दिलेले वेगळे. पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर सूर्य मंदावतो त्या हिवाळ्यातच लाटा सर्वांत जोरदार असतात, आणि वारा पडल्यावरही दुरून आलेल्या लाटा चालू राहतात. ही पूरकता हाताशी ठेवण्यासाठी संशोधनाचा खर्च फार नाही.

तो कसा करावा, याचे नमुनेही युरोपातच आहेत. पेलामिस बुडाल्यावर स्कॉटलंड सरकारने २०१४ मध्येच ‘वेव्ह एनर्जी स्कॉटलंड’ स्थापन केली, बुडालेल्या कंपनीचे ज्ञान विकत घेतले आणि संशोधनाचा पूर्ण खर्च उचलण्याचे ठरवले. अट इतकीच की प्रत्येक टप्प्यावर कसोटीला न उतरलेली रचना गळेल. ‘युरोपवेव्ह’ या पुढच्या संयुक्त कार्यक्रमात सात रचनांच्या पाच आणि पाचांच्या तीन झाल्या. दुसरा नमुना छोट्यापासून सुरुवात करण्याचा: बास्क प्रदेशातील मुत्रिकु बंदराच्या लाटरोधक बांधात २०११ पासून १६ टर्बाइनांचे, अवघ्या २९६ किलोवॅटचे केंद्र चालू आहे. त्यातील, हवा कोणत्याही दिशेने आली तरी एकाच दिशेने फिरणारे टर्बाइन बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील अ‍ॅलन वेल्स यांचे.

युरोपीय आयोगाने मात्र २०२० मध्ये लाटा आणि भरती-ओहोटी मिळून २०३० पर्यंत १ गिगावॅट आणि २०५० पर्यंत ४० गिगावॅट क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर करून १९७० च्या दशकातील ब्रिटिश चुकीचीच उजळणी केली आहे. आयोगाने २०३० चा आकडा खुशाल सोडून द्यावा आणि त्याऐवजी निदान पंधरा वर्षे खंड न पडणारा, टप्प्याटप्प्याने पारखून दिला जाणारा संशोधननिधी बांधून द्यावा.