गुंठ्यात झाडाला जागा किती?

मन थकले, झोप उडाली, रक्तदाब वाढला की निसर्गात जा, असा सल्ला वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतो. सोबत म्हैसमाळचा नाहीतर गौताळ्याचा हिरवागार फोटो. सल्ल्याशी माझे भांडण नाही, पत्त्याशी आहे. विद्यापीठाचा परिसर, गोगाबाबा टेकडी, हिमायतबाग ही आपल्या छत्रपती संभाजीनगरची फिरायची ठिकाणे आमच्या पुंडलिकनगरपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी तिथे पोहोचेपर्यंत इकडे डब्याची वेळ होते.

माझ्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी सांगितले, रोज कोवळ्या उन्हात थोडे फिरा, झाडाखाली बसा, घरात कोंडून घेऊ नका. त्या सकाळी सातला निघतात. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या उभ्या. एकेका गाडीच्या सीटवर हात टेकत कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत जातात आणि किराणा दुकानाच्या कट्ट्यावर वीसेक मिनिटे बसतात. चार बायका भेटतात, निंबोळ्या पडत असतात, खारी पळत असतात. दुकानदाराने कट्ट्यावर पोती मांडली असतील तर त्या तशाच परततात. त्या दिवशी घरात धुसफूस जास्त असते. सून म्हणून हे मी अधिकाराने सांगू शकते!

ही वेळ आमच्यावर का आली? आमचा भाग गुंठेवारीत वाढला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्याचेही तुकडे पाडून 20 बाय 30 चे प्लॉट विकले गेले. ज्याला विकायचे तो बागेसाठी जागा कशाला सोडेल? रस्ता सुटला हेच नशीब. रीतसर मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. सिडकोने आखलेल्या शेजारच्या वसाहतींत बागा दिसतात त्या आखणी आधी झाली म्हणून. 2001 च्या कायद्याने गुंठेवारीतली घरे नियमित करण्याची वाट मोकळी झाली, 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांनाही खुली झाली. लोकांनी पदरमोड करून शुल्क भरले. घर नियमित झाले, पण जी जागा कधी सोडलीच गेली नाही तिचे काय?

इंग्लंडमध्ये सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवरून 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान 120 मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचे जास्त प्रमाणात सांगितले. धडधाकट माणसेच बाहेर जास्त पडतात, अशी शंका त्यावर घेता येते आणि ती रास्त आहे. म्हणून मला चीनमधल्या ग्वांगझूचा प्रयोग जास्त पटतो. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडून पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे 30 टक्के मुलांना लांबचे धूसर दिसू लागले होते; इतर शाळांत ते प्रमाण 40 टक्क्यांच्या जवळ होते. इथे जंगल लागले नाही, उघडे आकाश पुरले. आमच्या मुलांना तेवढेही मिळत नाही. गल्लीत क्रिकेट खेळले तर कुणाची तरी काच फुटते, मग मोबाइल हातात येतो.

कुणी म्हणेल, 120 मिनिटे एका रविवारीच उरकून टाका, दौलताबादला जाऊन या. ज्यांच्याकडे गाडी आणि रविवार दोन्ही आहेत ते जातातच. चिकलठाण्यात पाळीने काम करणाऱ्याला आणि गुडघा धरून चालणाऱ्या म्हातारीला जे लागते ते चपला घालून पाच मिनिटांत पोहोचण्याजोगे हवे.

दुसरा आक्षेप पाण्याचा. नळाला आठ-आठ दिवस पाणी न आलेले आम्ही पाहिले आहे, त्यामुळे हिरवळ मागायला जीभ रेटत नाही. कारंजेही नको. कडुलिंब आणि करंज पहिली दोन-तीन वर्षे जगवले की पुढे फारसे मागत नाहीत. माझे मागणे एवढेच आहे: गुंठेवारीतून जमा झालेल्या विकास शुल्कातून अशा प्रत्येक वसाहतीत निदान एक-दोन प्लॉट विकत घेऊन मोकळे ठेवावेत. त्यांना पेव्हर ब्लॉक बसवू नयेत. तोवर महापालिका शाळांची मैदाने संध्याकाळी पाच ते आठ उघडी ठेवावीत. एक चौकीदार आणि दोन दिवे एवढाच काय तो खर्च.

आणि आमचा तो कडुलिंब. त्याच्या बुंध्याला भिडवून काँक्रीट ओतले आहे. दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिला होता. इथे कुणी कर्मचारी पाठवणार असेल तर पहार आमच्या घरात आहे. चहाचे सासूबाईंनी आधीच कबूल केले आहे.

आपली,
एक वाचक, पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर