"अ‍ॅप उडवा आन परत टाका" हा सल्ला आधी बंद करा

पोस्ट जरा लांब आहे, पण सातबाऱ्याशी संबंध आहे. सवडीनं वाचा.

ई-पीक पाहणीचा हंगाम आला की आपल्या बीड जिल्ह्यात दोन वाक्यं गावोगाव ऐकू येतात. पहिलं, "सर्व्हर डाऊन आहे." दुसरं, "अ‍ॅप उडवा आन परत टाका." पहिल्या वाक्यावर बातम्या येतात, तहसीलला निवेदनं जातात, मुदतवाढ मागितली जाते. दुसऱ्यावर कुणीच बोलत नाही. खरं तर शेतकऱ्याचं न भरून येणारं नुकसान दुसऱ्या वाक्यानं होऊ शकतं. सर्व्हर आज ना उद्या सुरू होतो. फोनमधून पुसलेली नोंद परत येत नाही.

कसं ते सांगतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची पद्धत सुरू झाली. त्याआधी तलाठी नोंद करायचे. आता रानात उभं राहायचं, गट नंबर निवडायचा, पीक निवडायचं, फोटो काढायचा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा, आष्टी, धारूरकडच्या कितीतरी शिवारात रेंज नसते. मग नोंद फोनमध्येच साठवायची आणि रेंज आली की अपलोड करायची.

ही साठवलेली नोंद असते कुठं? फोनच्या आत एक छोटा डेटाबेस असतो. त्याचं नाव एसक्यूलाइट. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो मुळातच असतो, आणि नेट नसताना माहिती जपणारी बहुतेक अ‍ॅप त्याच्यावरच चालतात. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस म्हणजे फोनमधली एक फाईल. त्याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. २००० साली रिचर्ड हिप नावाचा अमेरिकन प्रोग्रामर तिथल्या नौदलाच्या युद्धनौकेसाठी काम करत होता. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की नौकेवरचा प्रोग्राम "जोडणी होत नाही" म्हणून हात वर करायचा. त्याला वाटलं, सर्व्हरच लागणार नाही असा डेटाबेस का नसावा? म्हणजे "सर्व्हर डाऊन" या दुखण्यावर औषध म्हणूनच ही वस्तू जन्मली. ती फुकट आहे, तिच्यावर कुणाची मालकी नाही, आणि तुमच्या खिशातल्या सात-आठ हजारांच्या फोनमध्येही आहे.

आता मुद्दा. अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं, किंवा सेटिंगमध्ये जाऊन "क्लिअर डेटा" दाबलं, की सहसा ही फाईल जाते. सोबत अपलोड न झालेल्या नोंदी आणि अ‍ॅपच्या आत ठेवलेले फोटोही जातात. शेतकऱ्याला वाटतं नोंद केली होती. सातबारा काढला की पिकाचा रकाना कोरा. हमीभाव केंद्रावर, विम्याच्या दाव्यात, कर्जाच्या कागदात हाच रकाना बघतात. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजारांची मदत जाहीर झाली तेव्हा ई-पीक पाहणीच्या अटीवरून किती ओरड झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

मग लोक अ‍ॅप उडवतात तरी का? कारण ते हँग होतं, किंवा फोन "जागा नाही" म्हणतो. आणि इथं सगळा दोष रेंजवर ढकलता येत नाही. अ‍ॅप फोनच्या आत माहिती कशी लिहितं, कशी ठेवतं, यावर बरंच अवलंबून असतं. चार गोष्टी सांगतो. सगळ्या आपल्या ओळखीच्या आहेत, फक्त नावं वेगळी.

पहिली, मोळी. आपला ऊसतोड कामगार एकेक ऊस तोडून ट्रकपर्यंत नेत नाही. मोळी बांधतो आणि एका खेपेत टाकतो. डेटाबेसचंही तसंच. गावाच्या हजार-दोन हजार खातेदारांची यादी फोनमध्ये उतरवताना प्रत्येक नाव वेगळं "पक्कं" केलं, तर दर नावाला एक खेप. सगळी नावं एका व्यवहारात घातली तर एकच खेप. एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५० हजार नोंदी सहज घालता येतात, पण प्रत्येक नोंद वेगळी पक्की करायची म्हटलं तर जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर सेकंदाला काही डझनच होतात. फोनमध्ये फिरती डिस्क नसते, त्यामुळं आकडे वेगळे. पण खेपांचा हिशेब तोच.

दुसरी, अनुक्रमणिका. गट नंबर टाकला की तो शोधायला अ‍ॅपनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वही चाळायची, की अनुक्रमणिकेत बघून थेट पान उघडायचं? डेटाबेसमध्ये याला इंडेक्स म्हणतात. ज्या रकान्यावर रोज शोध होतो, त्यावर तो पाहिजेच. मात्र दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स लावला तर प्रत्येक नवी नोंद लिहिताना सगळ्या अनुक्रमणिका दुरुस्त कराव्या लागतात. वेळही जातो, जागाही.

तिसरी, कच्ची वही. आडत दुकानात गर्दीच्या वेळी मुनीम कच्च्या वहीत टिपतो आणि सवडीनं खतावणीत उतरवतो. म्हणून एकीकडं लिहिणं चालू असताना दुसऱ्याला जुना हिशेब बघता येतो. एसक्यूलाइटमध्ये ही सोय २०१० पासून आहे. ती सुरू असली तर मागं नोंदी लिहिल्या जात असतानाही समोरची यादी उघडते. पण कच्ची वही वेळोवेळी खतावणीत उतरवली पाहिजे, नाहीतर ती फुगत जाते आणि फोनची जागा खाते.

चौथी, कणगी. कणगीतली अर्धी ज्वारी काढली म्हणून कणगी लहान होत नाही. तसंच डेटाबेसमधून जुन्या नोंदी पुसल्या तरी फाईल तेवढीच राहते. रिकामी जागा पुढच्या नोंदींसाठी आतच राखली जाते. फाईल खरंच लहान करायची तर ती नव्यानं लिहून घ्यावी लागते. त्याला व्हॅक्यूम म्हणतात. आणि गंमत बघा, त्या कामाला मूळ फाईलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. म्हणजे फोन गच्च भरल्यावर हा उपाय करताच येत नाही. तो आधीच, जागा असताना, अ‍ॅपनं आपणहून करायला हवा.

जागा मुख्यतः खातात ते फोटो. फोनच्या कॅमेऱ्याचा एक फोटो सहज तीन-चार एमबीचा होतो. कापूस आहे की सोयाबीन, हे ओळखायला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. फोटो आधी लहान करावा, डेटाबेसच्या पोटात न कोंबता बाजूला फाईल म्हणून ठेवावा आणि डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहावा. एसक्यूलाइटवाल्यांचा अनुभवही असाच आहे: साधारण १०० केबीच्या खालच्या वस्तू डेटाबेसमध्ये ठेवणं फायद्याचं, त्याहून मोठ्या बाहेर बऱ्या. अपलोड झाल्याची पोच सर्व्हरकडून आली की फोनमधला फोटो काढून टाकावा. पोच येईपर्यंत मात्र त्याला हात लावू नये.

कुणी म्हणेल, वेगच पाहिजे ना, मग डेटाबेसचं सुरक्षेचं बटण बंद करा. तशी सोय आहे. "लिहिलेलं खरंच साठवलं गेलं का" ही खात्री करून घेणं बंद केलं की काम झपाट्यानं होतं. पण मधेच फोन बंद पडला तर आख्खी फाईल खराब होऊ शकते. ज्या गावात लाईटचा भरवसा नाही आणि फोनची बॅटरी पंधरा टक्क्यांवर घेऊन माणूस रानात जातो, तिथं हा शॉर्टकट म्हणजे अंगलट येणारा सौदा. आधी मोळी बांधा, अनुक्रमणिका करा, फोटो लहान करा. एवढ्यानं वेग मिळतो, खात्री विकावी लागत नाही.

मी कोणत्याही एका अ‍ॅपवर बोट ठेवत नाही. नेट नसताना माहिती फोनमध्ये ठेवणाऱ्या प्रत्येक सरकारी अ‍ॅपला हे लागू आहे. अंगणवाडी ताईंचंच घ्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने, मेमरी कमी, हँग होतात, वर अ‍ॅप इंग्रजीत, असं त्यांचं म्हणणं होतं. काम करायला त्या तयारच होत्या. हातात दिलेलं हत्यार चालत नव्हतं. तेव्हा चर्चा नवे फोन कधी देणार यावर झाली. ती रास्तच होती. पण अ‍ॅप हलकं कसं करणार, हा प्रश्न मागंच राहिला.

"रेंज द्या, सर्व्हर मोठा करा" ही मागणी चूक नाही, ती करतच राहू. पण टॉवर उभा राहायला वर्षं लागतात, पैसा लागतो. फोनच्या आतली दुरुस्ती चांगल्या टीमला काही आठवड्यांचं काम आहे आणि ती एका अपडेटमधून सगळ्या फोनवर पोचते. स्वस्तातलं काम आधी का करायचं नाही?

म्हणून महसूल आणि महिला-बालविकास खात्याकडं, आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडं चार मागण्या करूया:

१. कोणतंही अ‍ॅप सक्तीचं करण्याआधी दोन-तीन जीबी रॅमच्या, जवळजवळ भरलेल्या फोनवर, रेंज नसलेल्या शिवारात तपासा. मुंबई-पुण्यातल्या ऑफिसच्या वायफायवर नको.

२. "फोनमध्ये इतक्या नोंदी अपलोड व्हायच्या बाकी आहेत" हा आकडा पहिल्याच पानावर मराठीत, ठळक दिसू द्या.

३. अ‍ॅप काढायची वेळ आलीच, तर बाकी नोंदी आधी फोनमध्येच दुसरीकडं काढून ठेवायची सोय द्या.

४. अ‍ॅप बनवायच्या करारातच वेग आणि जागेची मर्यादा लिहा. ती पाळली नाही तर बिल अडवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा विचार तर वेगळाच करायला हवा. दसरा-दिवाळीनंतर माणूस फोनसकट कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर कर्नाटकात जातो. त्याच्या फोनात अडकलेली नोंद गावात कुणाला दिसत नाही. तिकडं जागा हवी म्हणून त्यानं अ‍ॅप काढलं की हंगामाचा पुरावा संपला.

तोवर आपण काय करायचं? अ‍ॅप अडकलं तर आधी फोन बंद करून चालू करा. जागा हवी असेल तर व्हॉट्सअ‍ॅपमधले व्हिडिओ काढा. "क्लिअर कॅशे" दाबलं तर सहसा नोंदी जात नाहीत, "क्लिअर डेटा" मात्र दाबू नका. अपलोड झालंय याची खात्री केल्याशिवाय अ‍ॅप काढू नका. नोंद केल्यावर स्क्रीनशॉट घेऊन घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. आणि गावातलं जे पोरगं दहा जणांची नोंद करून देतं, त्याला ही पोस्ट आधी दाखवा.

पूर्वी तलाठ्याचं दप्तर कपाटात असायचं, त्याला कुलूप असायचं. दप्तर फाटकं दिसतंय म्हणून ते चुलीत घाला, असं कुणी म्हणत नव्हतं. आज ते दप्तर तुमच्या-माझ्या फोनात आलंय. त्याला तेवढीच किंमत द्या, एवढंच मागणं आहे.

पटलं तर पुढं पाठवा. तुमच्या गावात काय अनुभव आला, ते तालुक्याच्या नावासह खाली लिहा. एकत्र करून निवेदन देऊ.