बोलके पटल आणि मुके पटल

मनुष्याच्या डोळ्यास पुढून एक आणि मागून एक अशी दोन नाजूक पटले आहेत. पुढचे ते पारपटल. डॉक्टर त्यास कॉर्निया म्हणतात. बुबुळावर ते घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेले असते आणि मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. मागचे ते दृष्टिपटल, म्हणजेच रेटिना. बाहेरचे चित्र तेथे उमटते आणि तेथून मेंदूकडे जाते. मात्र दोहोंच्या स्वभावात मोठे अंतर आहे. पारपटलात वेदना जाणणाऱ्या तंतूंचे दाट जाळे असल्यामुळे धुळीचा कण गेला तरी ते आक्रोश करते. दृष्टिपटलास वेदना ठाऊकच नाही. दृष्टी जाऊ लागली तरी ते मुके राहते. या पटलांच्या काही विरळा विकारांत कुटुंबीयांनी कोणती दक्षता घ्यावी, ते आज पाहू.

प्रथम बोलक्या पटलाविषयी. कापणीच्या दिवसांत भाताचे कूस, उसाचे पाते किंवा एखादा काटा डोळ्यास लागतो. ओरखडा लहान असतो. दोन दिवस पाणी येते, मग बरे वाटते. परंतु त्याबरोबर बुरशी आत शिरली असेल, तर काही दिवसांनी डोळा पुन्हा लाल होतो, उजेड सोसवत नाही आणि बुबुळावर करडा-पांढरा डाग दिसू लागतो. हा बुरशीजन्य व्रण होय. उष्ण व दमट प्रदेशांत शेतात राबणाऱ्यांना त्याचे भय अधिक.

येथे वेदना खरी सूचना देत असते, परंतु घरात तिचे तोंड बंद करण्याचीच घाई होते. कोणी डोळ्यात मध घालतो, कोणी मागच्या दुखण्यातील उरलेली बाटली शोधून काढतो. त्या औषधात स्टेरॉइड असेल, तर लाली ओसरते आणि सर्वांना समाधान वाटते. आत मात्र बुरशीला रान मोकळे मिळते.

नेत्रतज्ज्ञ डोळा बधिर करून व्रणाचा अल्पसा अंश खरवडून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे तंतू पुष्कळदा काही मिनिटांतच ओळखू येतात. मग नॅटामायसिनचे थेंब सुरू होतात. दक्षिण भारतातील नेत्ररुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हेच जुने औषध नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरले. उपचार कित्येक आठवडे चालतो. तो मध्येच सोडू नये. व्रण भरून पांढरा वण राहिला, तर पारपटलाचे रोपण करण्याचा मार्ग असतो. असे पहिले यशस्वी रोपण डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली मोराव्हियात केले. पण व्रणच होऊ न देणे अधिक श्रेयस्कर. नेपाळातील भक्तपूर येथे गावच्या कार्यकर्त्यांनी ताज्या ओरखड्यांवर वेळीच प्रतिजैविक मलम लावले आणि बहुसंख्य डोळे व्रणापासून वाचले. हा अनुभव २००१ साली प्रसिद्ध झाला.

आता मुक्या पटलाकडे वळू. दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटू लागले, तर डोळा दुखत नाही आणि लालही होत नाही. एकाएकी विजेसारखे चमकते, काळे ठिपके तरंगू लागतात, किंवा एका कडेने पडदा सरकत आल्याचा भास होतो. एवढ्या खुणा झाल्या, की त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. पटल मध्यबिंदूपर्यंत सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर दृष्टी टिकण्याची आशा पुष्कळ असते.

परंतु ज्यास बोलताच येत नाही, त्या बालकाचे काय? एखाद्या आईला दिव्याच्या उजेडात मुलाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते. छायाचित्रात एक बाहुली तांबूस आणि दुसरी पांढरी उमटते. घरचे त्याचे कौतुक करतात किंवा आईस वेडगळ ठरवितात. ही खूण मोतीबिंदूची असू शकते. क्वचित ती रेटिनोब्लास्टोमा या दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही असते. तो बहुधा पाच वर्षांखालील मुलांस होतो. नव्याने आलेला तिरळेपणा हीही त्याची खूण असू शकते.

डॉक्टर बाहुली विस्फारून आतली तपासणी करतात आणि ध्वनिलहरींनी डोळ्याचे चित्र घेतात. डोळ्यात सुई घालून तुकडा काढणे येथे टाळतात, कारण त्यामुळे रोग बाहेर पसरण्याचा धोका असतो. रोग लवकर सापडला, तर औषधे, लेझर किंवा अतिशीत उपचार यांनी पुष्कळदा डोळाही वाचतो. उशीर झाला, तर प्राण वाचविण्यासाठी डोळा काढावा लागतो. काही घराण्यांत हा दोष वारशाने येतो. यास्तव भावंडांचीही तपासणी करवावी.

तेव्हा डोळा दुखला, तर तज्ज्ञास विचारल्यावाचून कोणतेही थेंब घालू नयेत. तो दुखत नसला, तरी अधूनमधून एकेक डोळा झाकून दृष्टी पडताळून पाहावी. आणि आई म्हणाली, की बाळाच्या डोळ्यात काही वेगळे दिसते, तर तिचे बोलणे हसण्यावारी न नेता बाळास तपासून घ्यावे. मुक्या पटलाच्या वतीने त्या घरात बोलणारी तीच एकटी असते.