दहापैकी दहा

बेरीज जुळत नसली आणि फरकाला नवाने पूर्ण भाग जात असला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे बँकेतल्या जुन्या माणसाला सांगावे लागत नाही. ७२ चे २७ लिहिले गेले की फरक पडतो ४५ चा, ५४० चे ४५० झाले की ९० चा. फरक नवाच्या पाढ्यातलाच. गंमत अशी की ही चूक हुडकायला खातेदार कोण, पैसे कशाचे, यातले काही ठाऊक असावे लागत नाही. नुसता कागद समोर असला की पुरे.

संगणकाच्या प्रोग्रॅमची अशीच ‘नुसत्या कागदावरून’ तपासणी करणारी साधने असतात. आज लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी. रविवारच्या चहाबरोबर हा कसला विषय, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. आपल्या पासबुकातले व्याज, कर्जाचा हप्ता, विजेचे बिल हे आता कुणी कारकून मांडत नाही, प्रोग्रॅम मांडतो. तेव्हा त्या प्रोग्रॅमची वही कोण तपासतो आणि किती खोल तपासतो, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

प्रोग्रॅम तपासायचे दोन मार्ग. एक, तो चालवून पाहायचा. दुसरा, तो न चालवता, जसा लिहिला आहे तसा वाचायचा. हे दुसऱ्या प्रकारचे वाचन यंत्राकडून करून घ्यायची पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये सुरू झाली. स्टीफन जॉन्सन यांनी ‘सी’ या भाषेतले प्रोग्रॅम तपासण्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिले ‘लिंट’. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेली कापसाची लव, दोरे. ते झटकून टाकायचे, एवढाच त्याचा दावा होता. आपल्याकडे हे नाव कुणी ठेवले असते तर तांदळातल्या खड्यांवरून ठेवले असते.

पायथॉन ही भाषा गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली जगापुढे आणली. नावात अजगर असला तरी ते ‘माँटी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून घेतलेले आहे. भाषा मोठी मोकळी. अमुक नावाखाली आकडाच येणार की अक्षरे, हे आधी सांगायची सक्ती नाही. लिहिणाऱ्याला हे सुखाचे वाटते, पण या मोकळेपणाची किंमत नंतर मोजावी लागते. समजा, २९ फेब्रुवारीला व्याज कसे मोजायचे याच्या चार ओळी वेगळ्या लिहिल्या आणि त्यात ‘व्याजदर’ ऐवजी हातून ‘व्याजदार’ पडले. (या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, अशी नावे देवनागरीतही लिहिता येतात, लिहितो कोण, हा प्रश्न वेगळा.) पायथॉन ही चूक आधी बोलून दाखवत नाही. त्या ओळीवर पाळी येईपर्यंत प्रोग्रॅम सुखाने चालत राहतो आणि चार वर्षांतून एकदा, भर कामाच्या दिवशी, मध्येच बसकण मारतो. तपासनीस मात्र ती ओळ पहिल्याच वाचनात पकडतो. ‘व्याजदार नावाचे कुणी इथे राहत नाही’ इतक्या स्वच्छपणे सांगतो.

याहून कावेबाज चुकाही असतात. ५०० हा आकडा चुकून अक्षरांच्या रूपाने आत आला आणि त्याची दुप्पट करायला सांगितली, तर पायथॉन १००० म्हणत नाही, ५००५०० म्हणतो. कारण अक्षरांची दुप्पट म्हणजे तीच अक्षरे दोनदा. असल्या घोटाळ्यांवर उपाय म्हणून २०१५ पासून, ज्याला हवे त्याला, ‘इथे आकडाच येईल’ असे लिहून ठेवायची अधिकृत सोय झाली. असे लिहिलेले पाळले जाते की नाही ते ‘मायपाय’सारखा तपासनीस पाहतो. ड्रॉपबॉक्स या कंपनीने आपल्या ४० लाख ओळी या तपासणीखाली आणल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले होते. आणखी एक प्रसिद्ध चूक आहे, ती मला बँकवाला म्हणून विशेष आवडते. एखादे काम करताना ‘यादी दिली नसेल तर कोरी यादी घ्या’ असे पायथॉनला सांगितले, तर तो कोरी यादी एकदाच तयार करतो आणि पुढे प्रत्येक वेळी तीच पुढे करतो. म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाला कोरा म्हणून जो कागद मिळतो, त्यावर पहिल्याच्या नोंदी असतात! ‘पायलिंट’ नावाचा तपासनीस याला सरळ ‘धोकादायक’ असा शेरा मारतो.

या तपासनिसांचे स्वभावही ऑडिटरांसारखेच. ‘पायफ्लेक्स’ मितभाषी, खरोखरच चूक वाटली तर बोलणारा, अक्षर कसे आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पायलिंट म्हणजे स्टेपलरची पिन वाकडी बसली तरी लाल शाई काढणारा. ओळ लांब झाली, वर खुलासा लिहिला नाही, सगळ्याचे शेरे. आणि शेवटी तो चक्क दहापैकी गुण देतो. काम फारच गचाळ असले तर शून्याच्याही खाली जातो.

मला काळजी वाटते ती या गुणांची. माझी भाची पुण्यात एका कंपनीत पायथॉनवर काम करते. साडेनऊच्या खाली गुण पडले तर प्रोग्रॅम पुढे सरकतच नाही, असा तिच्याकडे नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण दहापैकी दहा पडले की पुढे कुणी तो वाचतही नाही, असे ती सहज बोलून गेली आणि मी सावध झालो.

एक उदाहरण देतो. २०१० च्या १ एप्रिलपासून, रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने, बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचे व्याज मिळे. खात्यात महिनाभर ५० हजार आहेत आणि २८ तारखेला मुलीच्या फीसाठी ४५ हजार काढले, तर व्याज केवळ ५ हजारांवर. आता कल्पना करा की आजच्या प्रोग्रॅममध्ये कुणी तोच जुना नियम लिहिला आहे. नावे शुद्ध आहेत, खुलासे आहेत, ओळी आखूड आहेत. तपासनीस काय म्हणेल? दहापैकी दहा. खातेदाराचे २७ दिवसांचे हक्काचे व्याज गेले, याची कुठल्याही ओळीवर खूण नाही. नियम काय असायला हवा होता, हे कागदावर लिहिलेलेच नसते. मुळात कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी तो कधी थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच दाखवून दिले. तेव्हा सगळेच ओळखील असा तपासनीस कुणी विकायला आणला तर घेऊ नये.

नोकरीत असताना एका शाखेची गोष्ट ऐकली होती. कर्जाची कागदपत्रे इतकी चोख की तपासणीत शाखेला उत्तम शेरा मिळाला. जामीनदाराच्या सह्या, शिक्के, सातबारा, सगळे जागच्या जागी. ज्या डाळिंबाच्या बागेसाठी कर्ज दिले, ती बाग तेवढी नव्हती. शेताच्या बांधावर जाऊन कुणी पाहिलेच नव्हते.

दुसरी खोड तपासनिसाला गप्प बसवण्याची. ओळीच्या शेवटी एक छोटी टीप लिहिली की त्या ओळीपुरता तो बोलत नाही. ही सोय हवीच, कारण तो पुष्कळदा उगाच ओरडतो. पण कारण न लिहिता त्याचे तोंड बांधायला माझा ठाम विरोध आहे. ऑडिटरचा शेरा मान्य नसेल तर का मान्य नाही ते लिहून खाली इनिशियल करण्याची रीत बँकेत होती. तीच रीत इथे का नसावी? टीप घाला, पण पुढे अर्ध्या ओळीचे कारण आणि आपले नाव घाला.

आता तर प्रोग्रॅमही यंत्रच लिहू लागले आहे. नीटनेटके, समास सोडून, मोत्यासारखे. असले लेखन तपासनिसाच्या हातून सहज सुटते. लिहिणारे यंत्र, तपासणारे यंत्र, आणि काउंटरपलीकडचा माणूस काय मागतो हे दोघांनाही विचारायचे राहून गेलेले. म्हणून माझी सूचना अशी की पैशाचा हिशोब करणारा प्रत्येक प्रोग्रॅम ते काम हाताने केलेल्या एका माणसाला वाचायला द्यावा. पायथॉनपुरते हे अवघडही नाही. इंग्रजी वाचता येणाऱ्याला या भाषेचा निम्माअधिक अर्थ लागतो.

हे भाचीला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “मामा, मग तूच वाच.” तिने मुदत ठेवीच्या व्याजाच्या, शिकाऊ मुलांना सरावासाठी दिलेल्या, वीस-पंचवीस ओळी पाठवल्या. गुण अर्थातच पैकीच्या पैकी. मी तीन वेळा वाचल्या आणि तिला फोन लावला.

“ठेव मुदतीआधी मोडली तर?”

“तर काय?”

“दर कमी लागतो ना. जेवढे दिवस ठेव राहिली तेवढ्या दिवसांचा. इथे पूर्ण मुदतीचाच दर लावलाय.”

पलीकडे थोडा वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, “थांब, बघते. आणि ठेवीदार मध्येच वारला तर काय करतात, तेही सांग.”